सिकलसेलचा थकवा आणि तरतरीच्या गोळ्या

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि भंडारा जिल्हा याच पट्ट्यात येतो. मध्य भारतातील या आजाराची नोंद शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. सांध्यांच्या असह्य वेदना ही या आजाराची ठळक खूण असली, तरी अनेक रुग्णांना रोज छळतो तो थकवा.

निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये विळ्यासारखी वाकलेली पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. त्यामुळे हिमोग्लोबिन कायम कमी राहते आणि शरीराला ऑक्सिजन अपुरा पडतो. वेदनांनी झोपमोड होते, वारंवार जंतुसंसर्ग होतो, मन खचते. त्यानेही थकव्यात भर पडते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात वाकून राबणे अशा रुग्णाला झेपत नाही. त्याच्यावर आळसाचा शिक्का मारणे चुकीचे आहे.

दीर्घ आजारांतील थकव्यासाठी मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट यांसारखी उत्तेजक औषधे काही वेळा दिली जातात. ती मेंदूतील डोपामिनसारख्या रसायनांचा प्रभाव वाढवून जाग आणि एकाग्रता टिकवतात. मात्र मोडाफिनिल मुळात अनावर झोपेच्या विकारांसाठी आणि मिथाइलफेनिडेट प्रामुख्याने अवधानाच्या विकारासाठी वापरले जाते. मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजाराच्या १४१ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत ही दोन औषधे आणि अमँटाडिन हे तिसरे औषध यांची औषधविरहित गोळीशी तुलना करण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थकवा कमी करण्यात तिन्ही औषधे त्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. दुष्परिणाम मात्र अधिक दिसले.

उत्तेजकांमुळे नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, भूक मंदावते, झोप उडते. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होतो. मिथाइलफेनिडेटची सवय लागण्याचा धोका असल्याने ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या नियंत्रणाखाली आहे. सिकलसेलच्या रुग्णासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की या औषधांनी हिमोग्लोबिन वाढत नाही. थकल्याची जाणीव दबलीच, तरी रुग्ण झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम करून बसण्याचा धोका असतो.

म्हणून उपचाराची सुरुवात कारण शोधण्यापासून होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंडाचे कार्य, झोप आणि नैराश्य यांची तपासणी केली जाते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भातील बाळाच्या रक्तात असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून पेशी वाकण्याला आळा घालते. त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते. नव्या पेशींसाठी फॉलिक ॲसिड दिले जाते. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीविना घेऊ नयेत, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात आधीच लोह साचलेले असू शकते. भरपूर पाणी, उन्हापासून बचाव आणि कामात अधूनमधून विसावा यांचा उपयोग होतो.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. सतत थकवा जाणवत असेल, तर स्वतःच्या मनाने ताकदीची गोळी किंवा सलाईन घेण्याऐवजी सरकारी रुग्णालयात आधी रक्त तपासून घ्यावे.