वळणावरचे इंजिन



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने कार्बुरेटरवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते विज्ञान शिकवीत, आणि सयाजीराव महाराजांनी 1890 साली जेथे कलाभवन उभारले त्या बडोद्यात यंत्राविषयी मराठीत बोलणे परके ठरू नये. विषय हाती आला तो नातवामुळे. अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षी त्याने मित्रांसह मोटारसायकलचे जुने, चार सिलिंडरांचे इंजिन बसवून एक छोटी मोटार बांधली.

कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात कूपर पितापुत्रांनी मोटारसायकलची 500 सीसी इंजिने घालून शर्यतीच्या मोटारी बांधल्या. स्टर्लिंग मॉस 1948 साली अशाच मोटारीतून पुढे आला. सौराष्ट्रातला छकडोही, पुढून बुलेट आणि मागून गाडा, याच कुळातला.

कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब घटतो आणि वाटीतले पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर ओढले जाते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा लागते. पुरती ताकद हवी तर 12.5 ते 13. मंद गतीला पायलट जेट, मधल्या टप्प्यात सुई, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मेन जेट, अशी कामाची वाटणी असते. चार कार्बुरेटर असले की दाबमापक लावून आधी चौघांचा श्वास सारखा करावा लागतो. मोटारीत मूळची हवापेटी मावत नाही. सुटे फिल्टर लावले की हवा अधिक शिरते, मिश्रण विरळ होते आणि मेन जेट वाढवावे लागतात. विरळ मिश्रणावर भरधाव चालवल्यास पिस्टनला भोक पडू शकते. वर्षभराची पुंजी त्या इंजिनात घातलेल्या मुलांना याच भीतीने झोप नव्हती.

त्यात गाडी वळणावर खोकू लागली. मुलांनी मेन जेट वाढवले, पुन्हा वाढवले. प्लग काजळीने काळे झाले, खोकला कायम. शेवटी नातवाने एका वृद्ध मिस्त्रींना गाठले. त्यांनी जेटांना हातही लावला नाही. "टाकी गळ्यापर्यंत भरून आण," एवढेच म्हणाले. भरल्या टाकीने खोकला नाहीसा झाला!

कारण आता मलाही उमगते. मोटारसायकल वळताना कलते, त्यामुळे पेट्रोल टाकीच्या आणि वाटीच्या तळालाच दाबलेले राहते. मोटार न कलता वळते. पेट्रोल बाजूच्या भिंतीवर चढते आणि अर्ध्या टाकीत पंपाच्या तोंडाशी हवाच येते. दुखणे टाकीत होते, आणि औषध चालले होते गळ्याला! एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे आमचे सर प्रयोगशाळेत बजावीत. नातवाला ते मिस्त्रींकडून ऐकावे लागले.

मग टाकी आणि पंप यांच्यामध्ये सदैव भरलेली राहील अशी लहानशी दुय्यम टाकी बसवली. पंपही कमी दाबाचा घेतला, कारण वरच्या टाकीतून आपोआप उतरणाऱ्या पेट्रोलासाठी घडवलेल्या फ्लोटच्या सुईला जोराचा दाब पेलत नाही. मेन जेट एकेक पायरी उतरवले, दर वेळी प्लग काढून पाहिला.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 नियमांमुळे नव्या दुचाक्यांतून कार्बुरेटर जवळपास गेलाच आहे. त्या दिवशीचा फिकट तपकिरी, निरोगी प्लग मात्र माझ्या मेजावर, शब्दकोशाशेजारी आहे. पाहायचा असल्यास अवश्य घरी यावे.