यकृताची शाई

डुकराचं यकृत डिटर्जंटच्या द्रावणात धूत राहिलं, की त्यातल्या पेशी फुटून वाहून जातात. तांबूस-तपकिरी रंग उतरतो आणि हाती उरतो पांढुरका, मऊ सांगाडा. कोलॅजेन, इतर प्रथिनं आणि शर्करायुक्त रेणू यांच्या या जाळ्यातच जिवंतपणी यकृताच्या पेशी बसलेल्या असतात. हा सांगाडा गोठवून वाळवायचा, त्याची पूड करायची, आम्लात पेप्सिन घालून ती विरघळवायची आणि मग अल्कली घालून आम्लता मारायची. थंड असेपर्यंत हा पदार्थ प्रवाही राहतो. 37 अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाला, तो आळतो. त्यात जिवंत पेशी मिसळल्या की थ्रीडी प्रिंटरसाठी शाई तयार झाली.

दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या पोस्टेक विद्यापीठात डाँग-वू चो यांच्या प्रयोगशाळेनं 2017 मध्ये अशी शाई बनवून तिच्यातून पेशी छापून दाखवल्या. बाजारात मिळणाऱ्या साध्या कोलॅजेनच्या शाईपेक्षा या शाईत यकृताच्या पेशी अधिक चांगलं काम करत होत्या आणि मूळपेशींचं यकृताच्या पेशींकडे वळणंही सुधारलं होतं. याच प्रयोगशाळेनं 2014 मध्ये चरबी, कूर्चा आणि हृदय यांच्या सांगाड्यांपासून शाई बनवली होती. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक फाल्गुनी पाती पुढे आयआयटी हैदराबादमध्ये आले.

यातली धुण्याची पायरी सर्वांत नाजूक. डिटर्जंट कमी पडलं तर परक्या प्राण्याचा डीएनए मागे राहतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडू शकते. जास्त झालं तर पेशींना वाढीचे इशारे देणारे रेणूही धुऊन जातात. एक मिलिग्रॅम कोरड्या पदार्थात 50 नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए उरावा, असा दंडक या क्षेत्रात मानला जातो.

एवढा खटाटोप करायचं कारण यकृताच्या स्वभावात आहे. शरीरात असताना ते कापलं तरी वाढून येतं. भारतात यकृताचं बहुतेक प्रत्यारोपण याच गुणावर चालतं: आई, मुलगा किंवा नवरा आपल्या यकृताचा तुकडा देतात आणि काही महिन्यांत दोघांचंही यकृत भरून येतं. पण त्याच पेशी शरीराबाहेर काढून प्लास्टिकच्या बशीत ठेवल्या, तर काही दिवसांतच अल्ब्युमिन बनवण्याची आणि औषधांचं विघटन करण्याची त्यांची क्षमता ढासळू लागते. शेजारच्या पेशी, भोवतालचं जाळं, रक्ताचा ओघ हे सारं सुटलं की यकृताची पेशी नुसती तग धरते, काम करत नाही. शाईनं तिला नुसतं धरून ठेवून भागत नाही. परिसरही द्यावा लागतो.

आणि इथे प्रिंटरची आणि पेशीची गरज एकमेकींच्या विरुद्ध जाते. प्रिंटरला अशी शाई हवी, की जी मेंदीच्या कोनातल्या मेंदीसारखी दाबलं की सरसर यावी आणि टेकल्यावर जागची हलू नये. त्यासाठी ती दाट हवी. पण दाट शाई बारीक सुईतून ढकलताना पेशींवर ताण येतो आणि त्या मरतात. शिवाय निरोगी यकृत अतिशय मऊ असतं. कडक जाळ्यात त्याच्या पेशींचं वागणं बिघडतं. यकृताच्या सांगाड्याची शाई पेशींना मानवते, पण एकटीनं उंच रचना पेलायला कमकुवत ठरते. म्हणून तिला कधी विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीचा आधार देतात, कधी तिच्यात जिलेटिन मिसळतात. तपकिरी समुद्रशेवाळातून मिळणारं अल्जिनेट कॅल्शियमच्या स्पर्शानं क्षणात घट्ट होतं, पण पेशींना पकडून बसायला त्यात काही नसतं. जिलेटिनला मेथॅक्रिलेटची जोड दिली की ते प्रकाशानं घट्ट होतं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात असलेली ही बहुधा सर्वांत लाडकी शाई आहे.

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शाओचेन चेन यांच्या गटानं 2016 मध्ये प्रकाशानं घट्ट होणाऱ्या अशाच शाया वापरून यकृताच्या षटकोनी खंडांची नक्कल छापली. एका शाईत मानवी मूळपेशींपासून तयार केलेल्या यकृताच्या पेशी होत्या, दुसरीत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या आणि आधार देणाऱ्या पेशी. सुई नव्हतीच. प्रकाशाची आकृती पाडायची, की काही सेकंदांत थर जमतो.

अशा इवल्या ऊतींना आजच्या घडीला खरं काम आहे ते औषधांच्या चाचणीत. ट्रोव्हाफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक प्राण्यांवरच्या चाचण्यांतून सुखरूप बाहेर पडलं आणि 1998 मध्ये अमेरिकेत विकायला आलं. रुग्णांची यकृतं निकामी होऊ लागल्यावर 1999 मध्ये त्याच्या वापरावर कडक निर्बंध आले. सॅन डिएगोच्याच ऑर्गनोव्हो कंपनीनं छापलेल्या मानवी यकृत-ऊतींना पुढे हे औषध दिलं गेलं, तेव्हा मात्रेनुसार वाढत जाणारी इजा स्पष्ट दिसली. 2016 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग या साऱ्या विद्येची सर्वांत भक्कम बाजू मांडतो. उंदराचं यकृत जे सांगू शकलं नाही, ते या मानवी पेशींनी सांगितलं. भारतातही बेंगळुरूच्या पँडोरम टेक्नॉलॉजीजनं 2015 च्या डिसेंबरात मानवी यकृताची ऊती छापल्याचं जाहीर केलं, तेव्हा औषधांची चाचणी हाच तिचा पहिला उपयोग सांगितला होता. 2023 मध्ये केंद्र सरकारनं नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारलेल्या पद्धतींना वाट मोकळी केली.

रोग्याच्या पोटात बसवायच्या यकृताची गोष्ट वेगळी आहे. रक्तवाहिनीपासून साधारण 200 मायक्रॉनपेक्षा दूर गेलेली पेशी प्राणवायूविना गुदमरते. म्हणजे जाडी वाढवायची, तर शाईबरोबर पोकळीही छापावी लागते.

संशोधक जॉर्डन मिलर यांनी 2012 मध्ये त्यासाठी साखर वापरली: साखरेच्या तंतूंची जाळी छापायची, तिच्याभोवती पेशींचं जेल ओतायचं आणि तंतू विरघळवून नळ्या मोकळ्या करायच्या. पुढे 2019 मध्ये केली स्टीव्हन्स यांच्यासोबत त्यांनी टार्ट्राझीन, म्हणजे मिठाईत पडणारा पिवळा खाद्यरंग, शाईत घातला. हा रंग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे प्रकाश खालच्या थरांत झिरपत नाही आणि बारीक नळ्या बुजत नाहीत. यकृताच्या पेशी असलेली अशी रचना यकृताची जुनाट इजा झालेल्या उंदरांत बसवली, तेव्हा त्या पेशी जगल्या.

नासानं 2016 मध्ये एक स्पर्धा जाहीर केली: एक सेंटीमीटरहून जाड ऊती बनवा आणि तिच्यातल्या 85 टक्क्यांहून जास्त पेशी 30 दिवस जिवंत ठेवा. 2021 मध्ये पहिले दोन्ही क्रमांक उत्तर कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट संस्थेच्या गटांना मिळाले. दोघांनी यकृताचीच ऊती केली होती. पहिलं बक्षीस तीन लाख डॉलरचं होतं. एक सेंटीमीटर आणि एक महिना गाठायला पाच वर्षं लागली, यावरून प्रौढ माणसाचं सुमारे दीड किलोचं यकृत किती दूर आहे, हे कळतं.

म्हणूनच कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲडम फाइनबर्ग यांच्या गटानं निवडलेलं उद्दिष्ट शहाणपणाचं वाटतं. त्यांच्या फ्रेश पद्धतीत कोलॅजेन जिलेटिनच्या लगद्यात छापतात. लगदा रचनेला सगळीकडून धरून ठेवतो आणि 37 अंशांना वितळून निघून जातो. अमेरिकी सरकारच्या एआरपीए-एच या संस्थेच्या मदतीनं त्यांना आता कायमचं नव्हे, तर दोन ते चार आठवडे टिकणारं यकृत छापायचं आहे. तेवढ्या अवधीत रोग्याचं स्वतःचं यकृत सावरू शकतं आणि दात्याचं दुर्मीळ यकृत दुसऱ्या कुणाच्या कामी येतं. त्यासाठी अब्जावधी पेशी वाढवाव्या लागतील. रक्ताच्या वाटांबरोबर पित्ताच्या वाटाही कराव्या लागतील, कारण पित्त आत साचलं तर तेच पेशींना मारतं. आजवर छापलेल्या बहुतेक ऊतींत पित्त बाहेर नेणारी नलिका नाही.