प्राथमिक शाळेतील गणित : सुरुवात कोठून करावी?

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील पहिलीच्या वर्गात बसणारे मूल घरी कोणती भाषा बोलते, या प्रश्नाला एक उत्तर नाही. शहरात व तापीकाठच्या गावांत मराठी, हिंदी, उर्दू आणि निमाडी कानी पडते. खकनारकडील डोंगराळ भागात कोरकू व बारेली बोलणारी कुटुंबे आहेत. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून असल्याने ही सरमिसळ स्वाभाविकच होय. गणिताला भाषा नसते असे आपण सहज म्हणून जातो. परंतु पहिली-दुसरीच्या गणिताला ती असते, आणि बालकाला पहिली ठेच बहुधा तेथेच लागते.

गुरुजी ‘पंचवीस’ म्हणतात. मूल ‘पंच’ आधी ऐकते, म्हणून आधी ५ लिहिते, नंतर २ लिहिते. वहीत ५२ उमटतात. त्यावर लाल शाईची रेघ ओढली जाते आणि निष्काळजीपणाचा ठपका येतो. वास्तविक बालकाने जे ऐकले तेच क्रमाने लिहिले. आपल्या संख्यानामांत एकक आधी व दशक मागून येतो. लेखनात क्रम याच्या उलट असतो. ‘एकोणतीस’मध्ये तर कानाला तीस ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात दोन दशक. हिंदीतही उनतीस, उनसठ अशीच रीत आहे. मात्र ८९ या संख्येला मराठीत एकोणनव्वद म्हणतात, तर हिंदीत नवासी. म्हणजे घरी नव्वदातून एक वजा करण्याची भाषा आणि शाळेत ऐंशीत नऊ मिळविण्याची. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून त्या कुळात विसाच्या गटांनी मोजण्याची जुनी पद्धती आहे. आपल्याकडेही विसाची ‘कोडी’ होतीच. तेव्हा दहा-दहाचे गट हे सर्वांना जन्मतः कळते, असे शिक्षकाने गृहीत धरू नये.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले गेले, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण हेच त्याचे कारण सांगितले होते. वाद भाषेच्या शुद्धतेवर रंगला; वर्गातील प्रश्न मात्र साधा होता. मुलाने ‘वीस आणि एक, म्हणजे एकवीस’ असे काही दिवस म्हटल्याने भाषा बुडत नाही. रूढ नाव तर त्याला यावयासच हवे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही चालवावीत, आणि ज्या वर्गात दोन-तीन भाषांची मुले आहेत तेथे संख्यानामांचा एक तक्ता सर्व भाषांत भिंतीवर लावावा.

ही अडचण वेळीच दूर झाली नाही, तर पुढचे सर्व गणित डळमळते. ५२ मधून २७ वजा करावयास दिले असता काही मुले उत्तर ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातांतून दोन वजा करतात. ही चूक बेशिस्त नव्हे. तिच्यामागे मुलाचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो नियम प्रत्येक उदाहरणात ते प्रामाणिकपणे लावते. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणे घातल्याने काहीच साधत नाही. उलट चुकीचा नियम पक्का होतो. त्याच्या हाती तुरीच्या काड्या द्याव्यात, दहा-दहाच्या जुड्या बांधून घ्याव्यात, आणि पाच जुड्या व दोन सुट्या काड्यांतून सत्तावीस मागाव्यात. एक जुडी सोडल्यावाचून त्या देता येत नाहीत, हे मुलाच्या हातालाच कळते. पूर्ण झाल्यावर लगेच तेच काम अंकांत मांडावे. काड्या एकीकडे आणि फळ्यावरची वजाबाकी दुसरीकडे राहिल्यास श्रम वाया जातात.

हे काम घडवून कोणी आणावयाचे? शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये साठ विद्यार्थ्यांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. स्वतंत्र प्रधानपाठक दीडशेच्या वर पटसंख्या गेल्यावरच. लहान गावांतील शाळांत म्हणूनच नेतृत्व हे दोघांपैकी एका शिक्षकाकडे, अध्यापन सांभाळून, येते. त्याला मोठ्या योजना आखता येणार नाहीत. मात्र पंधरवड्यातून एकदा अर्धा तास काढून दोघांनी मिळून चार मुलांच्या वह्या पाहाव्यात, बरोबर-चूक मोजण्याकरिता नव्हे, तर ‘हे कसे केलेस, बाळ?’ असे विचारून मुलाचा नियम शोधण्याकरिता. सापडलेल्या चुका जनशिक्षा केंद्राच्या बैठकीत मांडाव्यात. जनशिक्षक शाळेत आले की नोंदवह्यांवर सह्या होतात, त्या व्हाव्यात. पण एका मुलाजवळ दहा मिनिटे बसल्यावाचून भेट पूर्ण मानू नये, अशी सूचना अधिकारीवर्गास नम्रपणे करावीशी वाटते.

५ जुलै २०२१ रोजी आरंभ झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीअखेर ९९ पर्यंत, दुसरीअखेर ९९९ पर्यंत आणि तिसरीअखेर ९,९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे लक्ष्य आहे. यातील ९९ चा टप्पा हाच सर्वांत अवघड, कारण अनियमित नावे सारी तेथेच आहेत. त्यापुढे ‘एकशे पाच’ हे १००५ असे लिहिणारी मुले भेटतात, पण जुडीची समज असेल तर ती लवकर सावरतात.

ग्रामस्थांचाही यात वाटा आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाची त्यात नोंद असून, बाजारातील करउत्पन्नाचा काही भाग मठास दिल्याचा मजकूर मराठीत आहे. आज गावाने पैसा नव्हे, तर आपले व्यवहारातील गणित शाळेस द्यावे. पूर्वी पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेत. त्या पाठांतराची थट्टा करण्याचे कारण नाही, त्याला उपयोगाची जोड मात्र हवी. आपल्या जिल्ह्यात केळीच्या बागा पुष्कळ आहेत. दीड मीटर अंतराने दोन्ही बाजूंनी लागवड केल्यास एका झाडास सव्वादोन चौरस मीटर जागा लागते, म्हणजे हेक्टरी सुमारे ४,४४४ व एकरी सुमारे १,८०० झाडे बसतात. पाचवीच्या मुलांनी हा हिशेब वर्गात करावा आणि घरी वडिलांना त्यांच्या बागेतील झाडांचा आकडा विचारावा. दोन आकडे जुळले नाहीत, तर बांधालगत व पाटासाठी किती जागा सोडली आहे, ती दोरी घेऊन मोजावी.