घरकुल मिळतं, ते कुणी देत नाही

गावात घरकुलाची यादी लागली की पारावर चर्चा सुरू होते आणि ऐकीव माहितीवर गरीब कुटुंबं नको तिथे पैसे मोजतात. प्रधानमंत्री आवास योजनेबद्दलचे (ग्रामीण) काही गैरसमज म्हणूनच दूर व्हायला हवेत.

गैरसमज : वरपर्यंत ओळख असेल तरच नाव लागतं.
वस्तुस्थिती : नावं 2011च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातून आणि त्यात सुटलेल्यांच्या 'ड' यादीतून येतात. पात्र-अपात्र ठरवताना यादी ग्रामसभेपुढे ठेवावी लागते. अनुदान थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतं. हप्ता काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर ती लाचच आहे.

गैरसमज : जागा नाही, म्हणजे घरकुल नाही.
वस्तुस्थिती : भूमिहीन लाभार्थ्यांसाठी राज्यात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. सुरुवातीला तिच्यातून 50 हजारांपर्यंत मदत मिळे, पुढे ही मर्यादा 1 लाख रुपये झाली. अर्ज पंचायत समितीत करायचा.

गैरसमज : सरकारी घर ठेकेदारच बांधतो.
वस्तुस्थिती : घर लाभार्थ्यानंच बांधायचं, असा नियम आहे. गवंडी आपण निवडायचा, विटा-सिमेंट आपण पारखून घ्यायचं. सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये अनुदान ठरलं. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून सुमारे 90 दिवसांची मजुरी यांची तरतूद त्याशिवाय होती. काम जसजसं पुढे जातं, तसे जागेवरचे फोटो घेऊन हप्ते सोडले जातात.

गैरसमज : स्लॅब पडला की घर चांगलं झालं.
वस्तुस्थिती : 25 चौरस मीटरच्या किमान क्षेत्रात स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. पण चुलीजवळ खिडकी आणि वर धुराडं नसेल, तर नव्या भिंती पहिल्याच वर्षी काळवंडतात आणि बाईच्या छातीत धूर भरत राहतो. समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या की वारा खेळतो. जोतं अंगणापेक्षा पुरेसं उंच घेतलं की पावसाचं पाणी घरात शिरत नाही. हे सगळं पाया आखतानाच ठरवावं लागतं.

गैरसमज : शौचालयाचा खड्डा लगेच भरतो, म्हणून एकच मोठी टाकी बरी.
वस्तुस्थिती : दोन शोषखड्ड्यांची पद्धत स्वस्त आणि सोयीची आहे. खड्ड्याच्या भिंतीला विटांमध्ये फटी ठेवतात आणि तळ कच्चा सोडतात, म्हणजे पाणी जमिनीत मुरतं. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरायला साधारण पाच वर्षं लागतात. मग मधल्या चेंबरमधून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा. बंद ठेवलेल्या खड्ड्यात वर्ष-दीड वर्षात कोरडं, वास नसलेलं खत तयार होतं. दोन्ही खड्डे एकदम सुरू ठेवले, तर मात्र सगळी योजनाच फसते.

घरकुल ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. यादी वाचली जाते त्या ग्रामसभेला घरातल्या बायकांसकट हजर राहा, आपलं नाव का नाही ते तिथेच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.