कारण सापडेना? ॲड्रेनलिन आधी द्या

जेवण रोजचेच, नवे औषध नाही, काही चावलेले नाही. तरीही अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा तीव्र झटका. कसून तपासूनही कारण मिळाले नाही, तर डॉक्टर त्याला ‘इडिओपॅथिक’ म्हणतात. अशा वेळी काही समज जिवावर बेततात.

गैरसमज : पित्त उठलंय, आमसूल लावा, सेटिरिझिन द्या.
वस्तुस्थिती : नुसत्या गांधींना गोळी पुरते. पण धाप, घोगरा आवाज किंवा भोवळ आली, की गोळीवर विसंबू नका. घसरलेला रक्तदाब आणि आवळलेल्या श्वासनलिका यांवर पहिले औषध ॲड्रेनलिनच. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. उतार नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. काहींच्या अंगावर एकही गांध नसते, तरी झटका गंभीर असू शकतो.

गैरसमज : बीपीच्या रुग्णाला हे इंजेक्शन चालत नाही.
वस्तुस्थिती : धडधड, थरथर होते, पण ती लवकर ओसरते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये खरा धोका उशीर होण्याचा असतो.

गैरसमज : उठवा, चालवा, थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्या.
वस्तुस्थिती : एकदम उभे केल्याने हृदय बंद पडू शकते. आडवे झोपवा, पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकून बसवा. १०८ ला फोन करा. पैठण किंवा कन्नडला असाल, तर पहिले इंजेक्शन जवळच्या सरकारी दवाखान्यातच घ्या, मग पुढे निघा. बरे वाटले तरी काही तास देखरेखीत राहा. झटका उलटू शकतो.

गैरसमज : कारण नाही, म्हणजे मनाचे खेळ, उपायही नाही.
वस्तुस्थिती : झटक्यानंतर ४ तासांच्या आत रक्तातले ट्रिप्टेज (ॲलर्जीतल्या मास्ट पेशींतून सुटणारे द्रव्य) तपासा, बरे झाल्यावर पुन्हा तपासा. ते कायम वाढलेले असेल, तर मास्ट पेशींच्या आजाराचा शोध घेतात. आधीच्या काही तासांत काय खाल्ले, कोणती वेदनाशामक गोळी घेतली, किती श्रम झाले, हे लिहून ठेवा. काहींना गहू एरवी पचतो, पण खाऊन व्यायाम केला की झटका येतो. झटके वारंवार येत असतील, तर डॉक्टर रोजची ॲलर्जीची गोळी, काही काळ स्टिरॉइड किंवा ओमॅलिझुमॅबचे इंजेक्शन देतात. अनेकांचे झटके पुढे कमी होतात.

ॲड्रेनलिनचे स्वतः टोचायचे तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून ॲम्प्युल आणि सिरिंज घरी ठेवावी का, हे डॉक्टरांना विचारा, मात्रा लिहून घ्या आणि घरातल्या दोघांना तरी टोचायला शिकवा.