बुरशी आलेली ज्वारी धुऊन खाल्ली तर चालते का?

घर सापगावात असो की सोलापुरात, भिजलेलं धान्य फेकवत नाही. पण 1995 ची गोष्ट लक्षात ठेवा.

त्या वर्षी दख्खनच्या पठारावर पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाल्लेल्यांना पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाब सुरू झाले. पाहणी केलेल्या 50 पैकी 27 गावांत हा आजार दिसला. धान्यात सापडलं फ्युमोनिसिन, म्हणजे फ्युजेरियम नावाच्या बुरशीचं विष.

बुरशी हे विष कसं बनवते?
कार्बनचे छोटे तुकडे एकामागून एक जोडून ती 18 कार्बनची साखळी तयार करते. मग तिला अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल जोडते. या टप्प्यांसाठी तिच्याकडे वेगवेगळी एन्झाइम असतात.

ते पेशीचं काय करतं?
आपल्या पेशींचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. त्यातल्या काहींचा कच्चा माल म्हणजे स्फिंगॅनिन. फ्युमोनिसिन बरंचसं त्याच्यासारखं दिसतं. एन्झाइम फसतं, त्यालाच धरून बसतं आणि काम थांबतं. खरा कच्चा माल साचून विषारी ठरतो, तर आवरणाला हवे ते पदार्थ मिळत नाहीत. पेशी खिळखिळी होते.

मग करायचं काय?
धुतल्याने विष कमी होईल, पण संपेलच असं नाही. भाकरी भाजूनही ते पूर्ण जात नाही. बुरशी आलेलं धान्य खाऊ नका, गुरांनाही घालू नका. काढणीनंतर धान्य कडकडीत वाळवा आणि कोरड्या जागी ठेवा.