आधी पडायला शिकावे

ज्युदो या जपानी शब्दाचा अर्थ 'मृदुमार्ग'. मल्लविद्येला मृदू म्हणावे हे विचित्र वाटेल. पण तिचे मर्म तेथेच आहे. कोणी ढकलले की आपण उलट ढकलतो. ज्युदो सांगतो, ढकलले तर मागे सरा, ओढले तर पुढे जा; मग समोरच्याचा तोल त्याच्याच जोराने जातो, आणि तोल गेलेल्याला पाडण्यास थोडे बळ पुरते.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योच्या एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, जुन्या जुजुत्सूतून ही विद्या घडविली. इंग्लंडात मात्र जुजुत्सू प्रथम गाजले ते करमणुकीच्या रंगमंचावर. १९०० साली तेथे गेलेले युकिओ तानी भल्याभल्या पैलवानांना आव्हान देत. लोक तिकीट काढून पाहत. पुढे १९१८ साली गुंजी कोइझुमी यांनी लंडनमध्ये 'बुदोक्वाई' मंडळ स्थापिले आणि तानी तेथे शिकवू लागले.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला जाताना कानो या मंडळात आले. पाहुणा वस्ताद आला की तो कोणाला चीत करतो, इकडेच आपले डोळे असतात. येथे निराळेच घडले. कोइझुमी व तानी, दोघेही स्वतः गुरू; पण त्यांनी आपली जुनी परंपरा बाजूला ठेवून कानोंची पद्धती पत्करली आणि त्यांच्याकडून दुसऱ्या पायरीचे पद घेतले. कानोंचे शिष्य आइदा शिकविण्यासाठी लंडनमध्येच राहिले.

या पद्धतीचा पहिला धडा पाडण्याचा नसून पडण्याचा असतो. हनुवटी छातीशी घ्यावी आणि हाताने चटईवर सपकन थाप मारावी, म्हणजे आघात एका जागी न बसता पसरतो. निर्भयपणे पडणारा जोडीदार नसेल तर डावाचा सराव होणारच कसा? म्हणून तो शत्रू नव्हे, सहाध्यायी होय. 'आपले आणि दुसऱ्याचे कल्याण एकत्रच' हे कानोंचे सूत्र या व्यवहारातूनच उमगते.

१९६४ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या अँटोन गेसिंक यांनी खुल्या वजनगटात जपानच्या कामिनागांना हरविले. हर्षाने चटईवर धावत येणाऱ्या स्वदेशीयांना त्यांनी हात उंचावून थोपविले. प्रतिस्पर्ध्याला वंदन व्हायचे होते. जपानचा त्या दिवशी पराभव झाला. कानोंच्या शिकवणीचा झाला नाही.